आवश्यक वस्त्रे

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आम्हां वकिलांच्या नित्य परिचयाचे आहे. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोची कोणती मालमत्ता जप्त करता येत नाही, हे त्यात सांगितले आहे. आणि त्या यादीच्या आरंभीच ऋणको, त्याची पत्नी व मुले यांची आवश्यक वस्त्रे येतात. धनकोचे येणे कितीही खरे असो, माणसाची अब्रू झाकणारे वस्त्र लिलावात निघू नये, हा त्यामागील न्याय. मात्र ‘आवश्यक’ म्हणजे किती, हे कलम सांगत नाही. आम्हांस वाटते, हा प्रश्न केवळ ऋणकोचा नाही; कपडे भरलेले कपाट उघडणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

त्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस गांधीजींनी सदरा व टोपी सोडून पंचा स्वीकारला. उलट, डिसेंबर १९२७ मध्ये महाडास डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींतील स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्यास सांगितले. एकाने वस्त्र कमी केले, दुसऱ्याने ते पुरते व नीटनेटके असावे असा आग्रह धरला. यात विरोध नाही. त्याग त्यालाच शोभतो, ज्याला निवड आहे. ज्याच्यावर उणीव लादली गेली, त्याला साधेपणाचा उपदेश करणे हा अपमानच होय.

ज्यांना निवड आहे, त्यांनी काय करावे? आमच्या मते, थोडे घ्यावे आणि चांगले घ्यावे. चार-पाच सुती सदरे, दोन-तीन विजारी, थंडीपुरते एखादे लोकरी वस्त्र. रंग असे की कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालावा. आमच्या व्यवसायाने तर काळ्या-पांढऱ्यावर जन्म काढला आहे, आणि त्यामुळे कोणाचा युक्तिवाद फिका पडल्याचे ऐकिवात नाही. घेताना कापड उजेडाकडे धरून वीण पाहावी. वस्त्र उलटे करून टाके दाट आहेत का, आणि पुढे उसवून सैल करण्याइतकी माया शिवणीत सोडली आहे का, हे पाहावे.

यावर कोणी म्हणेल, चांगले कापड महाग पडते. पडते खरे, आणि ज्याच्या गाठी एकरकमी पैसा नाही, त्याला स्वस्त सदरा पुनःपुन्हा घ्यावा लागतो, यात त्याचा दोष नाही. परंतु ऐपत असूनही आपण जेव्हा स्वस्त म्हणून ढीग घेतो, तेव्हा उरलेली किंमत कोण भरतो? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मेली. परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार त्यांत होते; बहुसंख्य स्त्रिया. भिंतींना भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या. तरीही त्यांना कामावर यावे लागले.

थोडे घेतलेले पुरवून वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. विनयपिटकात आनंदाला उदेन राजा विचारतो, मिळालेल्या एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करता? आनंद सांगतो की ज्यांची चीवरे विरली त्यांना ती वाटतो. विरलेल्यांची आच्छादने होतात, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवितो. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, तीही याच हिशेबाने. कापडामागील श्रमांचा तो मान होता.

साठावे कलम ऋणकोचे वस्त्र धनकोपासून राखते. पण भरलेल्या कपाटासमोर आपणच ऋणको असतो, आणि धनको असते ती सदरा शिवणारी बाई. तिच्या हाती हुकूमनामा नाही, तिच्या वतीने बेलीफ आपल्या दारी येणार नाही. म्हणूनच ‘आवश्यक’ किती, याचा निवाडा आपला आपणच करावा लागतो.