कापरा हात

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय आपणांपैकी पुष्कळजण पारायणापुरता वाचतात आणि उपदेश ऐकण्याच्या घाईने दुसऱ्याकडे वळतात. मीही तसेच करीत असे. परंतु २८ व्या श्लोकापासून अर्जुन स्वतःची जी अवस्था सांगतो, ती सावकाश वाचावी. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातले गांडीव निसटू लागते. हे सांगणारा कोणी नवशिक्या नव्हे. आयुष्यभर धनुष्य हाताळलेला महारथी आहे.

हा भाग मला नव्याने वाचावयास लावला तो एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने. अनुवादाच्या कामानिमित्त चेन्नईस गेलो असता अण्णा नगरात एका मराठी कुटुंबात माझा मुक्काम होता. १९६८ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला तेथील उंच मनोरा त्यांच्या गच्चीवरून दिसे. घरातील कन्या परिचारिकेचे शिक्षण घेत होती. पुतळ्याच्या दंडावर सुई टोचताना तिचा हात कधी हलला नव्हता. पुढे वॉर्डातील प्रत्यक्ष काम सुरू झाले, मधुमेहाने आजारी असलेल्या एका वृद्ध बाईंना इन्सुलिन देण्याची पाळी आली, आणि सिरिंज भरतानाच हात थरथरू लागला. तेथील सिस्टरने चारचौघांत झिडकारून सिरिंज काढून घेतली. त्या रात्री मुलगी जेवली नाही. मला म्हणाली, "काका, अर्जुनाला कंप सुटला तर गीता झाली. मला सुटला तर नुसती बोलणी बसली."

मी पंडिताच्या सवयीने उत्तरलो, "बाळ, आपला अधिकार कर्मापुरता. फळाची चिंता करू नये."

"असं कसं, काका? इन्सुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० एककं असतात, कुठे १०० असतात. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या. अदलाबदल झाली तर आजींची साखर एकदम उतरेल, शुद्ध जाईल. फळ त्यांच्या शरीरात घडणार, आणि चिंता मी करायची नाही?"

वाचकहो, मी निरुत्तर झालो. वीस वर्षे ज्या श्लोकाचा अर्थ मी लोकांस सांगत आलो, तो किती उथळपणे सांगत होतो हे त्या मुलीने दाखविले. कर्त्याने परिणामाविषयी बेफिकीर असावे, असे भगवंतांनी कोठेही म्हटलेले नाही. तिसऱ्या अध्यायात तर ते लोकसंग्रहाकडे दृष्टी ठेवून कर्म करावयास सांगतात. सोडावयाचे ते स्वतःच्या पदरात पडणारे फळ: मान, अपमान, शाबासकी, लाज. त्या मुलीच्या मनात दोन भये एकमेकांत गुंतली होती. एक आजींविषयीचे, दुसरे, सिस्टर काय म्हणतील, मैत्रिणी हसतील, आपण या कामास नालायक ठरू, हे. पहिले भय कुपीवरील आकडा दोनदा वाचावयास लावते. दुसरे तो आकडाच डोळ्यांपुढून पुसून टाकते.

येथे एका शब्दाविषयी लिहितो, कारण अनुवाद करताना मी त्यावर अडखळलो आहे. बाराव्या अध्यायाच्या १६ व्या श्लोकात भक्ताला 'गतव्यथ' म्हटले आहे. मराठीत व्यथा म्हणजे दुःख. म्हणून आपण 'दुःखरहित' असे लिहून मोकळे होतो. परंतु पाणिनीय धातुपाठात 'व्यथ्' धातूचे अर्थ भय आणि संचलन, म्हणजे हालणे, असे दिले आहेत, आणि श्रीशंकराचार्यही या पदाचा अर्थ भय गेलेला असाच करतात. ज्याचा भयाचा कंप ओसरला तो गतव्यथ. त्याच श्लोकात भक्ताला 'शुचि' आणि 'दक्ष' ही विशेषणे आहेत. इकडे चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना परिचारकाचे चार गुण दिले आहेत: उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. शुचिता व दक्षता दोन्ही याद्यांत आहेत! आमच्या घरांतून एके काळी हे काम हलके मानीत. रमाबाई रानड्यांनी पुण्यास ससून रुग्णालयातील शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृह चालविले, ते अशा लोकमताच्या विरोधात. त्या काळच्या शास्त्र्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असते तर बरे झाले असते.

मी तिला एवढेच विचारले, "अर्जुनाने आपला कंप लपवला का?"

ती विचारात पडली. अर्जुनाने तो लपविला नाही. त्याने आपली दशा उघड सांगितली आणि दुसऱ्या अध्यायात 'मी तुझा शिष्य आहे, मला शिकव' असे म्हणून तो शरण गेला. भगवंतांनीही प्रथम कानउघाडणी केली, हे खरे. पण त्याच्या हातातून धनुष्य काढून घेऊन ते निघून गेले नाहीत. शिकविणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. कापरा हात लपवून सुई टोचणारी विद्यार्थिनी रुग्णाला अधिक धोक्याची, कारण तिच्या शेजारी कोणी उभे राहत नाही.

सहाव्या अध्यायात चंचल मनावर सांगितलेला पहिला उपाय अभ्यास हा आहे. त्या रात्री आम्ही जेवणाच्या मेजावर तो केला. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ: ती एकेक म्हणे, रिकामी सिरिंज दिव्यापुढे धरी, श्वास सावकाश सोडी. तिच्या आईने मधेच ताट वाढून पुढे सरकविले.

सकाळी ती ट्यूटरबाईंकडे गेली व म्हणाली, "माझा हात कापतो. मी मात्रा भरीन, आपण पडताळून पाहा आणि जवळ उभ्या राहा." त्या उभ्या राहिल्या. आजींनी मुलीच्या बोटांकडे पाहिले आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "बयप्पडादे, कण्णु." भिऊ नकोस, राजा. त्या शब्दात आपलेच 'भय' आहे, हे मी तिला सायंकाळी सांगितले. तिला त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. ती सांगत होती ते निराळेच. सुई टोचताना हात स्थिर राहिला. नंतर तक्त्यावर वेळ लिहिताना मात्र कापला, आणि आकडा वाकडा आला म्हणून ट्यूटरबाईंनी तो पुन्हा लिहावयास लावला.