शुद्ध आणि पवित्र

इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी डिस्टिल्ड वॉटरच घालते. नळाच्या पाण्यातले क्षार शिशाच्या पट्ट्यांना बाधतात. परवा डबा हातात असताना नात म्हणाली, "आजी, हे सगळ्यात शुद्ध ना? मग देवाला यानेच अंघोळ घाल की!"

मी थबकले. देवघरात आईच्या काशीयात्रेतला गंगेचा गडू आहे, तांब्याचा, सीलबंद. त्यात हिमालयातली मातीही असेल. वाफेतून उतरलेल्या पाण्याला मात्र गाव नाही, वाट नाही. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, असं सांगतात. तिथे शुद्धता कुठे मोजायची? पवित्रपण पाण्याला त्या घशात उतरताना आलं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नातीच्या हाती नळाचाच तांब्या दिला. तिने देवाआधी तुळशीला घातलं.