दोन पायांवर तोललेलं वजन

पुण्याकडून कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्याला महाराणी ताराराणींचा पुतळा लागतो. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, पाठीवर राणी, आणि सगळा भार मागच्या दोन पायांवर. शिल्पकार रवींद्र मेस्त्री. राजाराम महाराज 1700 मध्ये गेले, त्यानंतर सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणारी आणि करवीरच्या गादीचा पाया घालणारी ही बाई शांत उभ्या घोड्यावर शोभली नसती. कोल्हापूरकर आल्या-गेल्या पाहुण्याला हा पुतळा आवर्जून दाखवतात. ‘दोनच पायांवर हाय बघा,’ असं सांगतात. पुतळ्याबद्दल याहून नेमकं बोलणं मी मोठमोठ्या कलासमीक्षेतही क्वचितच वाचलं आहे. राणी कोण, पुतळा किती फुटी, अनावरणाला कोण आलं होतं, हे सगळं बाजूला ठेवून हे बोलणं थेट शिल्पकाराच्या अडचणीवर बोट ठेवतं.

जिवंत घोडा मागच्या पायांवर उभा राहतो तो क्षणभर. तेवढ्यातही त्याची पाठ आणि मांड्या सारखा तोल सावरत असतात. ब्राँझच्या घोड्याला ही सोय नाही. त्याला तो एक क्षण ऊन, पाऊस, वारा सोसत वर्षानुवर्षं धरून ठेवायचा असतो. म्हणून स्वारासकट घोड्याच्या सगळ्या वजनाचा मध्य मागच्या खुरांच्या टापूतच पडावा लागतो. पुढचा भाग पातळ ओतायचा, मागचा जाड. पायांच्या आत पोलाद घालून ते खाली चौथऱ्यात खोल रुतवायचं. आणि हे करताना घोडा घोड्यासारखाच दिसला पाहिजे. तोल साधण्यासाठी पुठ्ठा फुगवला की जनावर बेढब झालंच म्हणून समजा.

हीच अडचण एका फ्रेंच शिल्पकाराने अंगावर घेतली होती. एतियेन मोरिस फाल्कोने, जन्म पॅरिसमध्ये 1716 साली, घरची गरिबी. पोरगा आधी सुतारकामाला लागला. फावल्या वेळात तो मातीच्या आकृत्या करायचा. त्या लेम्वान या शिल्पकाराच्या नजरेस पडल्या आणि मुलाचं आयुष्य बदललं. पन्नाशीत असताना, 1766 मध्ये, तो फ्रेंच विचारवंत दिदरोच्या शिफारशीवरून रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनकडे गेला. पीटर द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा करायचा होता. त्याने पीटर्सबर्गमध्ये मातीचा उताराचा चबुतरा बांधून घेतला. त्या उतारावरून घोडेस्वाराने पुन्हा पुन्हा दौडत वर यायचं आणि टोकाला घोडा उधळून उभा करायचा. फाल्कोने बाजूला बसून रेखाटनं करायचा. घोड्याच्या मानेची कोणती शीर कधी ताणली जाते, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं.

तोलासाठी त्याने एक युक्ती केली. मागच्या खुरांखाली चिरडलेला साप दाखवला आणि घोड्याची शेपटी त्या सापाला टेकवली. साप म्हणजे पीटरचे शत्रू, असं बघणाऱ्याने समजावं. शिल्पकाराला मात्र तिसरा टेकू मिळाला. अर्थ आणि आधार एकाच आकारात बसवणं, याला मी शिल्पकाराची बुद्धी म्हणतो. 1775 मध्ये ओतकाम चालू असताना साचा फुटला, वितळलेला धातू बाहेर आला, आग लागली. सगळे पळाले. खायलोव्ह नावाचा ओतारी तेवढा जागचा हलला नाही, आणि त्याच्यामुळे पुतळ्याचा खालचा भाग वाचला. वरचा भाग पुढे पुन्हा ओतावा लागला. पीटरचा चेहरा फाल्कोनेच्या मनासारखा जमेना, तो त्याची शिष्या मारी-आन कोलो हिने केला. दरबाराशी खटके उडत गेले आणि 1778 मध्ये तो रशिया सोडून निघून गेला. चार वर्षांनी, 1782 मध्ये, अनावरण झालं, तेव्हा तो तिथे नव्हता. खाली शेकडो टनांचा खडक आहे, त्यावर दोनच नावं कोरलेली आहेत: पीटर आणि कॅथरिन.

फाल्कोने कोल्हापुरात जन्मला असता तर मेस्त्र्यांच्या कारखान्यात सहज रमला असता. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (1890-1954), असल्याच घरातले. सुतारकाम, कोरीवकाम, चित्रं, मूर्ती हे सगळं वडिलांच्या हाताखाली एका छपराखाली शिकलेले. कलाशाळेत गेले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा बाहेरून कॅमेरा आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. सहकारी दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. त्यांच्या ‘सैरंध्री’त (1920) कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं. पुढे त्यांनी रंगवलेले सपाट पडदे बाजूला सारून उंची-खोली असलेले सेट उभे केले. आपण याला चित्रपटाच्या इतिहासातली पायरी म्हणतो. मला त्यात मूर्तिकाराची नजर दिसते. ज्याने वस्तू चारी बाजूंनी घडवली आहे, त्याला पडद्यावरचा खोटा खांब फार काळ सोसवत नाही.

सिनेमाचा पसारा आवरल्यावर बाबूराव पुन्हा रंग आणि मातीकडे वळले. छत्रपती शिवाजी चौकातला शिवरायांचा पुतळा त्यांचा, 1945 सालचा. त्या जागी आधी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. 1942 च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरी या दोघींनी तो विद्रूप केला, आणि पुढे तो तिथे राहिला नाही. भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने महाराज उभे राहिले, तेव्हा इंग्रज अजून देशात होते. शिल्पकारासाठी ही साधी मागणी नव्हती. जी जागा लोकांनी जिवावर उदार होऊन मोकळी केली, ती भरून काढायची होती.

शाडूची ओली माती, त्याखाली सळ्यांचा सांगाडा, रात्री माती सुकू नये म्हणून गुंडाळलेली ओली फडकी, मग प्लास्टरचा साचा, आत मेणाचा थर, गाभा, भट्टी. तांबं पंच्याऐंशी टक्के; कथिल, जस्त, शिसं प्रत्येकी पाच, हा आपल्याकडच्या ओतकामातला रुळलेला हिशोब. यातली एकही पायरी घाई सहन करत नाही. मेण आतून पुरतं निघालं नाही तर धातूत पोकळी राहते. आणि पोकळी नेमकी पायात राहिली, तर ती बाहेरून दिसतही नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या 35 फुटी पुतळ्याचं डिसेंबर 2023 मध्ये अनावरण झालं आणि ऑगस्ट 2024 मध्ये तो कोसळला. महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेली ती गोष्ट. दोषी कोण हे ठरायलाच हवं, पण त्याच्याही मागचा प्रश्न आपण सगळ्यांनी स्वतःला विचारायचा आहे. आपण पुतळा मागतो तेव्हा काय मागतो? उंची मागतो आणि तारीख मागतो. फाल्कोनेने एका घोड्यासाठी बारा वर्षं घेतली. तेवढी कोणी देणार नाही, द्यावीत असंही नाही. पण शिल्पकार म्हणाला की माती अजून बोलत नाही, तर त्याला आणखी सहा महिने देण्याची तयारी पुतळा समितीत असली पाहिजे.

कोल्हापूरने ही तयारी उंचीचा सोस न धरताही दाखवली आहे. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदामंत्री होते. घोडा नाही, तलवार नाही, सगळी मदार चेहऱ्यावर. ज्याचा चेहरा रोजच्या वर्तमानपत्रात दिसतो, त्याचा अर्धपुतळा करणं उधळलेल्या घोड्याइतकंच अवघड. तिथे एवढीशी चूकही बघणाऱ्याला लगेच कळते.

या शहरात चित्र-शिल्पाचं शिक्षण आहे, कुंभार गल्ल्या आहेत, उद्यमनगरात लोखंड ओतणारे पिढीजात हात आहेत. पुतळ्याच्या कोनशिलेवर शिल्पकाराचं आणि ओताऱ्याचं नाव उद्घाटकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत कोरायचं, हा ठराव महाराष्ट्रात कुठल्या तरी महापालिकेने पहिल्यांदा करायचा असेल, तर तो कोल्हापूरच्या महापालिकेने करावा.