ठिणगी आणि सरपण

१३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, खंडाळ्याजवळील कुणे पुलावर, ज्वालाग्राही रसायन वाहून नेणारा एक टँकर उलटला व पेटला. त्या पुलाच्या खालून दुसरा रस्ता जातो. जळते द्रव्य पुलाच्या कडेवरून खाली ओघळले, आणि ज्यांचा त्या टँकराशी किंवा वरच्या महामार्गाशी काही संबंध नव्हता अशी खालच्या रस्त्याने जाणारी माणसे होरपळली. एकंदर चार जीव गेले. पूल उभा राहिला, आग विझली, आणि काही तासांनी वाहने पुन्हा धावू लागली.

अशी वार्ता आपल्या खेड्यांत येऊन पोहोचते तेव्हा तिच्यावर बहुधा दोनच अभिप्राय ऐकू येतात. कोणी म्हणतो, "देवाची मर्जी, त्यापुढे कोणाचे काय चालणार?" दुसरा म्हणतो, "चालकाची चूक, दुसरे काय?" पहिला अभिप्राय भक्तीचा दिसतो व दुसरा व्यवहाराचा, परंतु दोहोंत एकच सोय आहे. तो देऊन झाला म्हणजे बोलणाऱ्यास आणखी विचार करण्याचे कारण उरत नाही. एकाने सर्व भार स्वर्गावर टाकिला, दुसऱ्याने तो एका मनुष्याच्या माथी मारिला, आणि दोघेही मोकळ्या हातांनी आपापल्या घरी गेले.

आपल्या प्रभूच्या काळीही शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, हे प्रभूने स्पष्ट सांगितले, आणि लागलीच ऐकणाऱ्यांस पश्चात्ताप करावयास बोलाविले. हा प्रसंग लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. त्या बुरुजाचा पाया कोणी घातला, त्याला तडे गेलेले कोणी पाहिले होते, याविषयी प्रभूने काही सांगितले नाही. म्हणून कित्येक भाविकांस वाटते की असे प्रश्न काढणे हेच अविश्वासाचे लक्षण. आम्हांस तसे वाटत नाही. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब करू नका, असे तो म्हणाला. जे अद्याप उभे आहेत त्यांचा हिशेब तर त्याने तेथेच मागितला.

हा हिशेब कोठवर पोहोचतो हे समजण्यासाठी आणखी एका पुलाची हकीकत सांगतो. ती दूरची आहे. पण ज्या देशातून १८३१ साली पहिले मिशनरी आपल्या नगरास आले, त्याच देशातील आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटा नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरातून जाणाऱ्या पंच्याऐंशी क्रमांकाच्या महामार्गावरील एका पुलाखाली ३० मार्च २०१७ रोजी सायंकाळी आग लागली. त्या मार्गावरून दररोज दोन लाखांहून अधिक वाहने जात असत. पोलिसांनी व अग्निशामक दलाने वेळेवर वाहने अडविली, आणि थोड्याच वेळात पुलाचा एक गाळा कोसळला. देवाची दया ही की एकही मनुष्य मेला नाही. पुढे सुमारे सहा आठवड्यांत नवा गाळा बांधून मार्ग खुला झाला.

एवढा भक्कम पूल आगीने कसा पडला? दगड-सिमेंट जळत नाही, असे आपण समजतो, आणि ते बरोबर आहे. पण सिमेंट-काँक्रीटच्या तुळईला वजन पेलण्याचे बळ देते ते तिच्या पोटातील पोलाद. फार तापल्यावर काँक्रीटचे कवच तडकून गळू लागते व आतील पोलाद उघडे पडते. आणि पोलाद वितळण्याच्या पुष्कळ आधीच, सुमारे साडेपाचशे ते सहाशे अंशांवर, आपले निम्मे बळ गमावून बसते. तेव्हा प्रश्न असा की, पुलाखाली इतकी उष्णता देणारे होते तरी काय? उत्तर लाजिरवाणे आहे. प्लास्टिकच्या नळ्यांची मोठमोठी वेटोळी तेथे रचून ठेविली होती. ती कोणा चोराची नव्हती, तर पुलाची निगा राखणे ज्याचे काम त्या राज्याच्या वाहतूक खात्याचीच होती. एका कामातून उरलेला तो माल कित्येक वर्षे तेथे पडून होता, आणि बेघर माणसांस त्या जागी सहज शिरता येत असे.

आग लागल्यावर लवकरच तीन बेघर माणसे पकडण्यात आली. त्यांतील एकावर आरोप असा होता की, त्याने तेथे एक खुर्ची पेटविली. पुढे त्याला कारागृहाऐवजी उपचार व सुधारणेच्या मार्गाला लावण्यात आले. राष्ट्रीय चौकशी मंडळाने मात्र ठिणगीबरोबर सरपणाचीही विचारपूस केली, आणि ते जळाऊ सामान उघड्या जागी पुलाखाली ठेवणे हेही पूल पडण्याचे कारण म्हणून नोंदविले.

आता मोशेच्या नियमशास्त्रात पाहा. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात असा नियम आहे की, कोणी आग लाविली, ती काट्याकुट्यांस लागून दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने भरपाई करावी. म्हणजे ठिणगी टाकणारा सुटत नाही. परंतु त्याच्याच मागल्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे असे मालकास आधी सांगितलेले असून त्याने तो बांधून ठेविला नाही, व त्या बैलाने मनुष्य मारिला, तर मालकही दोषी. मालकाने शिंग मारिले नव्हते. त्याला ठाऊक होते, एवढाच त्याचा अपराध. आणि अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील नियम तर याहूनही पुढे जातो: नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपल्या नगरकडच्या माळवदाच्या घरांत वाढलेल्यांस हा नियम समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात माळवदावर निजलेले पोर झोपेत कडेपर्यंत लोळत जाते, हे येथे कोणास माहीत नाही? तेथे कोणी कोणास ढकलिले नाही, कोणी पूर्वी सूचनाही दिली नाही. तरी घरधन्याने आधी विचार करावयास पाहिजे होता, असे शास्त्र म्हणते.

या तिन्ही नियमांत जगाला पहिलाच सोपा वाटतो, कारण हातात काडी असलेला मनुष्य डोळ्यांना दिसतो. त्यातून तो गरीब, एकटा, व्यसनी असला तर फारच लवकर दिसतो. सरपण रचणारे पुष्कळ असतात, त्यांच्यापाशी शिक्के व कागद असतात, आणि त्यांतील प्रत्येकाने फक्त थोडेथोडेच रचलेले असते.

आमच्याच जिल्ह्याला हे दुःख परके नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगर येथील जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. जी माणसे स्वतःच्या बळाने श्वासही घेऊ शकत नव्हती, ती आगीपासून पळणार कोठे? पुढे अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. तेव्हा त्यांच्या सोबतिणींनी विचारले की, विजेची व आग विझविण्याची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्यांचे काय? कोण किती दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम. त्यात आम्ही बोट घालीत नाही. पण तो प्रश्न विचारण्यात त्या बायांनी काही अधर्म केला असे आम्हांस वाटत नाही. मारक्या बैलाचा नियम जिने कधी वाचला नसेल, तिनेही तोच विचारला.

यावर एक आक्षेप येतो व तो हलका नाही. दोष असा वाटीत गेलो तर शेवटी तो कोणाचाच राहत नाही. सर्वच अपराधी म्हटले की अपराध्याला बरे वाटते. हे खरे आहे. मंडळीच्या सभांतही आम्ही पाहिले आहे की, "आपण सर्वच चुकलो" असे एकाने म्हटले की सर्वांचे चेहरे खुलतात आणि चहा येतो. परंतु दोष हा काही भाऊबंदकीतील जमीन नव्हे, की वाटणीला जितके अधिक, तितका प्रत्येकाचा तुकडा लहान. ज्याने काडी ओढिली त्याचा दोष पूर्ण, ज्याने वेटोळी रचली त्याचाही पूर्ण. आणि रोज तेथून जाऊन ज्याने ती पाहिली व मान वळविली, त्यालाही आपल्या पाहण्याचा जाब पूर्णच द्यावा लागेल. रात्री वाटेत ऊसाची ट्रॉली दिव्यावाचून उभी करणाऱ्यास आपण शिव्या देतो. आणि उद्या त्याच ट्रॉलीत आपलाच ऊस भरतो, तेव्हा मागचा लाल दिवा आहे की नाही हे विचारीत नाही.

येथवर मी "आम्ही" असे लिहीत आलो. वृत्तपत्रात तशी रीत आहे. पण पुढची गोष्ट "आम्ही" म्हणून सांगणे वरच्या सभेतल्या चहासारखे होईल, म्हणून ती एकवचनी सांगतो.

आमच्या मंदिराच्या मागे एक खोली आहे. तिच्यात मांडवाचे जुने कापड, नळयोजनेतून उरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, मोडकी बाके आणि जनित्रासाठी आणलेले डिझेलचे डबे ठेविलेले होते. विजेची पाटीही त्याच भिंतीवर. भिंतीपलीकडे रविवारी लहान मुलांची शाळा भरते. मी मंडळीच्या पंचांपैकी एक, आणि त्या खोलीची किल्ली माझ्यापाशी असते. एके दिवशी आमचा म्हातारा राखणदार त्या खोलीच्या दाराशी बिडी ओढीत बसलेला मला दिसला. मी त्याला चारचौघांत फार बोललो. देवाचे मंदिर, लहान मुले, तुला काही लाज आहे का, असे पुष्कळ. त्याने बिडी चुरगाळली व म्हणाला, "चुकलं, गुरुजी. पण ते डबे तेवढे दुसरीकडं हलवता का?" मी म्हणालो, "पुढच्या सभेत पाहू."

त्यानंतर चार सभा झाल्या. एकीत घंटेच्या दोराविषयी बोलणे झाले, एकीत वर्गणीविषयी. डब्यांचे नाव मी काढिले नाही व दुसऱ्या कोणास ते ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते त्याला आणि मला.

या लेखासाठी अटलांटाच्या पुलाची हकीकत पुन्हा वाचीत होतो, तेव्हा नळ्यांच्या वेटोळ्यांपाशी येऊन माझे वाचन थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन तरुणांस घेऊन ती खोली रिकामी केली. डबे आता विहिरीजवळच्या उघड्या छपरात आहेत. म्हातारा त्या दिवशी तेथे नव्हता. मुलगा व सून ऊसतोडीला गेल्यामुळे तो नातवंडांपाशी वस्तीवर असतो व शनिवारी येतो. त्याला मी चारचौघांत बोललो होतो, तेव्हा त्याची क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे. रविवारच्या उपासनेनंतर माणसे निघण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे, असे मी पाळकसाहेबांस सांगून ठेविले आहे.