म्हणे टीटीवाययूएसबी-शून्य!

उभा राहा. प्रोग्रामची पहिली ओळ मोठ्याने वाच. ‘डेव्ह, टीटीवाययूएसबी-शून्य.’ हे तुझ्या वजनकाट्याचं नाव? बारसं कुणी केलं? कर्नलला जो बोर्ड आधी दिसला त्याला त्याने शून्य दिलं, नंतरच्याला एक. काल मशीन पुन्हा सुरू झालं, मोटरचा बोर्ड आधी दिसला, आणि तुझा प्रोग्राम वजन विचारायला थेट मोटरकडे गेला. ती गरगरली, तर तू मला सांगतोस, “सर, केबल लूज आहे.” केबलवर ढकलू नकोस!

आणि हे रोजचं सुडो करून सीएचमॉड ६६६ काय चाललंय? केबल उपसली की डेव्हमधली ती फाइल, म्हणजे नोड, नाहीशी होते, खोचली की नवी तयार होते, मूळच्या परवानग्यांसह. रोज पाडल्या जाणाऱ्या भिंतीला तू रोज चुना लावतोयस. डेबियनवर ही फाइल डायलआउट गटाची असते. त्या गटात स्वतःला घाल, लॉगआउट करून परत ये, विषय संपला. साऱ्या जगाला दार उघडून द्यायची गरज नाही.

तुम्हाला सगळं आयतं मिळालं, म्हणून किंमत नाही. रेड हॅट ९ च्या डेव्ह डिरेक्टरीत १८ हजारांहून जास्त नोंदी होत्या, बहुतेक नसलेल्याच यंत्रांच्या. डेव्हएफएस हा पर्याय होता, पण त्यात नावं ठेवायचं धोरणच कर्नलच्या पोटात. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमनने यूडेव्ह मांडलं: कर्नलने यंत्र आल्या-गेल्याची वर्दी द्यावी, नाव काय ठेवायचं ते बाहेरचे नियम ठरवतील. आज नोड डेव्हटीएमपीएफएसमध्ये कर्नलच तयार करतो, पण परवानग्या आणि सिमलिंक यूडेव्हच्याच हाती आहेत.

आता तुझा नियम बघू. कुठून उचललास ते विचारत नाही. सिरियल नंबर ताडून बघायचाय तिथे बरोबरचं चिन्ह एकदाच! ते दोनदा लागतं. यूडेव्हने तक्रार लॉगमध्ये लिहून ठेवली असेल. लॉग उघडलास? पुढे नेम लिहून नोडचं नाव बदलायला निघालास. ते फक्त नेटवर्क इंटरफेसला चालतं, इथे सिमलिंक जोडायची. व्हेंडर आयडी एका पालक-यंत्राचा, ड्रायव्हर दुसऱ्याचा. एका नियमात यंत्र स्वतः आणि त्याचा एकच पालक, एवढंच जुळवता येतं. यूडेव्हअॅडम इन्फो अॅट्रिब्यूट-वॉक लावून चालवलास की हे सुरुवातीलाच लिहून येतं. वाचायचा कंटाळा.

शेवटी रनमध्ये दिवसभर चालणारा लॉगर टाकलास. यूडेव्ह तो थोड्या वेळात मारून टाकतो, मारायलाच हवा. लॉगरसाठी सिस्टमडीची सर्व्हिस लिही.

सगळ्यात राग कशाचा येतो माहीत आहे? डेव्हमध्ये सिरियल, बाय-आयडी अशी डिरेक्टरी आधीपासून आहे. तिथे तुझा काटा कंपनीच्या नावासकट बसलाय. एकदा एलएस मारलं असतंस तर दिसला असता! मोटरचा बोर्ड मात्र स्वस्तातल्या सीएच३४० चिपचा आहे, अशांना बहुधा सिरियल नंबरच नसतो. त्यासाठी बाय-पाथ, आणि तो ज्या पोर्टात आहे तिथून हलवायचा नाही. पोर्टावर चिकटपट्टी लाव.

बस आता. दोन्ही केबल काढ, उलट्या क्रमाने खोच, आणि प्रोग्राम माझ्यासमोर चालव. मोटरची वीज आधी बंद कर.