तीस सेकंदांचा स्वभाव

नावड्यात आमच्या मास्तरांच्या लोखंडी कपाटात कबड्डीच्या सहा वह्या आहेत. मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. तळोजा एमआयडीसीत फिटर होते, पण पहिली पाळी सुटली की संध्याकाळी पोरं खेळवायचे, म्हणून अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणतं. गेल्या महिन्यात सहज भेटायला गेलो तर त्यांनी पहिली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पोराचं नाव, वजन, खेळण्याची जागा आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. तापट. चिवट. आगाऊ. लहरी. बेरकी. माझं नाव तेराव्या ओळीत होतं. वजन बावन्न किलो, जागा डावा कोपरा, शब्द : घुमा.

त्या एका शब्दापायी मी सात वर्षं डाव्या कोपऱ्यात उभा होतो. रेडला जायची हौस मलाही होती. मास्तरांना तसं म्हणालो तर ते हसले. “तू बोलत नव्हतास ना रं. रेडर कसा, तोंडाळ पायजे. घुमा कोपऱ्यान बरा, वाट बघत ऱ्हातो.” यात काही चूक होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी कोपऱ्यासाठी जन्मलो होतो की कोपऱ्यात उभं राहून राहून तसा झालो, हे कोण सांगणार? पण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. खेळाच्या मानसशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षं याच्याशी झोंबी घेतली आहे आणि गंमत म्हणजे ती मास्तरांच्या सहा वह्यांत जशी झाली, साधारण तशीच तिकडेही झाली.

माणसं वाटून टाकायची खोड जुनी. ग्रीकांकडे शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव होते. आपल्याकडे वात, पित्त, कफ आहेतच, पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचेही सोळा प्रकार सांगितले आहेत. सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. त्या शेवटच्या तिनांत पशूचा आणि माशाचा स्वभाव आहे, आणि एक वनस्पतीचा. खायचं आणि एका जागी राहायचं. आमच्या संघात असे दोघे होते. विनोद सोडा, पण इथे एक बारकावा आहे. वैद्य प्रकृती विचारतो ती पथ्य ठरवायला. पित्तप्रकृतीचा आहेस म्हणून दवाखान्यातून चालता हो, असं तो म्हणत नाही. पुढे खेळात मात्र स्वभाव विचारला गेला तो बहुतेकदा कोणाला घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला.

आधुनिक काळातली सुरुवात मास्तरांसारखीच झाली, म्हणजे शब्दांपासून. ज्या गोष्टीचा माणसांना एकमेकांशी वागताना उपयोग होतो तिला भाषेत शब्द मिळतोच, मग स्वभाव शोधायचा तर शब्दकोशात शोधा, ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी 1884 मध्ये मांडली. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजीचा जाडजूड कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. हे काम कोणी मराठीत करायला बसलं तर त्याची चैन होईल. भिडस्त, हेकट, खमक्या, सोशिक, उतावळा, आतल्या गाठीचा, पडखाऊ. ‘भिडस्त’ घ्या. त्यात लाजणं आहे, समोरच्याचा मान राखणं आहे, ‘नाही’ म्हणता न येणं आहे. कबड्डीत भिडस्त पोरगा पंचाशी कधी भांडत नाही आणि आपला हक्काचा गुणही सोडून येतो.

एवढे शब्द घेऊन शास्त्र चालत नाही, म्हणून पुढच्यांनी चाळणी लावली. रेमंड कॅटेल यांनी 1949 मध्ये सोळा घटकांची चाचणी आणली. हान्स आयसेंक यांनी आधी दोनच अक्षांवर भागवलं, अंतर्मुख ते बहिर्मुख आणि भावनेने स्थिर ते अस्थिर. शेवटी बरेचसे संशोधक पाचावर येऊन थांबले : नव्याची ओढ, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांची या पाचांवरची सुधारित प्रश्नावली 1992 सालची. नोकरभरतीपासून लग्न जुळवण्यापर्यंत हिची भावंडं आता सगळीकडे भेटतात.

खेळाच्या मैदानावर ही मंडळी कोशाच्या आधीच पोहोचली होती. कोलमन ग्रिफिथ यांनी 1925 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली. 1938 मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना बोलावलं. त्यांनी निरीक्षणं केली, अहवाल लिहिले, पण संघाच्या व्यवस्थापकाने त्यांना धूप घातली नाही. आमच्या मास्तरांना कोणी पेनवाला माणूस येऊन सांगायला लागला असता तर याहून वेगळं घडलं नसतं.

खरी धामधूम साठच्या दशकात झाली. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको यांनी 190 प्रश्नांची चाचणी तयार केली. तिच्यातून खेळाडूचे अकरा गुण मोजले जात : जिद्द, आक्रमकता, आत्मविश्वास, मनाचा कणखरपणा, शिकवलेलं घेण्याची तयारी वगैरे. व्यावसायिक संघांनी ती उत्साहाने वापरली. 1966 सालच्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘त्रासदायक खेळाडू आणि त्यांना कसं हाताळावं’ असा सूर होता. त्रासदायक कोणाला, हे नावात लिहिलेलं नसलं तरी कळतं. प्रशिक्षकाला. या चाचणीने पुढचा खेळ वर्तवता येतो याचा पुरावा मागितल्यावर मात्र हाताला फारसं काही लागलं नाही. त्यांचाच 1971 सालचा एक लेख आहे. खेळाने चारित्र्य घडतं या समजुतीला त्यात त्यांनी सुरुंग लावला. त्यांचं म्हणणं, चाळणी आधीच लागलेली असते, टिकतात ते मुळात तसेच असतात. माझ्या कोपऱ्याच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. मला ते पुरेसं वाटत नाही.

दरम्यान 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी मुळावरच घाव घातला होता. प्रश्नावलीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध फार तर 0.30 च्या आसपास जातो, असं त्यांनी दाखवलं. या आकड्याचा वर्ग केला की 0.09. म्हणजे वागण्यातल्या फरकांपैकी नऊ टक्के स्वभावाच्या खात्यावर, बाकीचे दुसऱ्या कशाच्या तरी.

हे पटायला जड जातं, म्हणून आपल्या ओळखीचा माणूस घेऊ. सुनील गावसकर. 7 जून 1975, लॉर्ड्स, पहिला विश्वचषक. इंग्लंडने 60 षटकांत 334 केल्यावर सलामीला आलेले गावसकर शेवटपर्यंत उभे राहिले आणि नाबाद 36 वर परतले. 174 चेंडू. त्या दिवशीची वही कोणी ठेवली असती तर शब्द ठरलेला होता : चिंगूस. आता 31 ऑक्टोबर 1987, नागपूर, समोर न्यूझीलंड. धावगती वाढवायची गरज होती, अंगात ताप होता, वय अडतीस. 88 चेंडूंत नाबाद 103. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. आणि या दोहोंच्या मधे फेब्रुवारी 1981 चं मेलबर्न. थंड डोक्याचा म्हणून जगभर नाव असलेला हाच माणूस पायचीतच्या निर्णयावर भडकून चेतन चौहानला सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाला होता. आता शेवटच्या रकान्यात काय लिहायचं?

यावर दोन तट पडले. विल्यम मॉर्गन यांनी 1980 मध्ये या भांडणाचा हिशेब मांडला : एका बाजूला भोळे, स्वभावावरून सगळं कळतं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला संशयी, काहीच कळत नाही म्हणणारे. मॉर्गन स्वतः मधले. त्यांचं नाव राहिलं ते हिमनगाच्या आकृतीमुळे. उत्तम खेळाडूच्या मनःस्थितीचा आलेख काढला तर ताण, खिन्नता, राग, थकवा आणि गोंधळ हे पाचही सरासरीच्या पाण्याखाली असतात आणि जोम तेवढा वर डोकावतो. पण ही झाली मनःस्थिती. ती आज एक, उद्या दुसरी. रेनर मार्टेन्स यांनी 1977 मध्ये स्पर्धेपुरतीच चिंता मोजणारी चाचणी आणली. एरवी तू किती घाबरट आहेस, यापेक्षा सामन्याच्या आधी तुझं काय होतं, हे विचारणं शहाणपणाचं, एवढाच त्यामागचा विचार.

मास्तरांच्या तिसऱ्या वहीपासून शेवटचा रकाना रुंद झाला आहे. पट्टीने आखलेली रेघ ओलांडून अक्षर पुढे गेलंय. ‘तापट’ असं लिहून पुढे : ‘लोण बसल्यावर. एरवी नाही.’ दुसऱ्या एकापुढे : ‘मामा बघायला आला की पाय उचलत नाही.’ आणखी एक : ‘नाइट करून आला तर रेड देऊ नये.’ मी विचारलं, हे कधीपासून? मास्तर म्हणाले, “एक शब्द लिवला की फसायला व्हायचं. ज्याला थंड लिवला त्योच तिसऱ्या रेडला गरम.” मिशेल आणि युइची शोदा यांनी 1995 मध्ये नेमकं हेच सिद्धान्त म्हणून मांडलं. माणसाची ओळख सरासरीत सापडत नाही, ‘असं झालं तर तो तसा वागतो’ या त्याच्या ठेवणीत सापडते, आणि ती ठेवण बरीच टिकाऊ असते. म्हणजे स्वभाव आहेच, फक्त तो एका शब्दात मावत नाही.

तिसरी रेड म्हणजे दोन रिकाम्या रेडनंतरची. तीस सेकंद हातात, गुण आणला नाही तर रेडर बाद. तेवढ्या वेळापुरतं कोणाच्याही मनाचं भाकीत करू नये, असं माझं मत बनलं आहे. पण स्वभाव निरुपयोगी म्हणणाऱ्यांकडेही मी जाणार नाही. सेमूर एपस्टाइन यांनी 1979 मध्ये दाखवलं की एक प्रसंग घेतला तर स्वभाव हाती लागत नाही, अनेक दिवसांचं वागणं एकत्र केलं की तो स्वच्छ दिसू लागतो. कबड्डीत तो दिसतो सरावाला. जूनमध्ये पाऊस लागतो, मैदानाचा चिखल होतो, मुंब्रा–पनवेल रस्त्यावर टँकर अडकून पडतात, आणि तरी बारा तास उभ्याने ड्युटी केलेला एखादा पोरगा साडेसातला हजर असतो. पाचांतला तो शिस्तशीरपणा तीस सेकंदांत कामाला येईल न येईल, तीनशे संध्याकाळी मात्र येतोच.

स्वभाव कसाही असो, मनाचा सराव करून घ्यायचा, ही एक वाट उरते. तिच्यावर मराठीत एक माणूस आधीच चालून गेला होता. भीष्मराज बाम. पोलीस खात्यातले अधिकारी, स्वतः पिस्तूल नेमबाज, पुढे नाशिकला राहून खेळाडूंच्या मनाची मशागत करणारे. 2017 मध्ये ते गेले. त्यांची ‘विजयाचे मानसशास्त्र’ आणि ‘मार्ग यशाचा’ ही पुस्तकं आमच्याकडच्या शिबिरांतून फिरत असतात. तू कसा आहेस, यावर न अडता ते श्वास, एकाग्रता, शिथिलीकरण यांच्या सरावाकडे वळायचे आणि पाया घ्यायचे योगाचा. स्वभावाला औषध नाही म्हणतात. चरकाचा वैद्य पथ्य सांगायचा, बामही एका अर्थी पथ्यच सांगत होते.

निघताना मी पहिली वही पुन्हा उघडली आणि मास्तरांना म्हटलं, माझी ओळ तेवढी जुन्याच पद्धतीची राहिली, तिच्यापुढेही काही लिहा. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ रकान्याकडे बघितलं. “रेडरनं बोनसला पाय टाकला का तू असा वरडायचास, अख्ख्या नावड्याला ऐकू जायचं,” म्हणाले. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मग त्यांनी पेन काढलं. ‘घुमा’ला हात लावला नाही. ‘बावन्न’वर काट मारली आणि मान वर करून विचारलं, “आता किती भरतोस?”