आमिष की अन्नदान?



मागच्या आठवड्यात आपल्या परिवाराच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या आपल्याच एका ताईंच्या जावयांनी पाठवलेला. समुद्रात लोखंडी पिंजरा सोडलाय, आत जावईबापू, आणि समोरून भला मोठा शार्क तोंड उघडून येतोय. भराभर अंगठे आले. मग एका मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "पण तो आला कसा? बोलावला कोणी?"

बोलावतात, हे खरं आहे. माशांचं रक्त, तेल, आतडी पाण्यात सोडतात. वास लांबवर जातो. मग दोरीला माशाचं मुंडकं बांधून पिंजऱ्यापुढे ओढतात. हे कळल्यावर ग्रुपवर जी वादावादी झाली ती सगळ्यांनी वाचलीच आहे. गुरुवारी आरतीनंतर वाघोडियाला प्रसाद घेतानाही तोच विषय. म्हणून आज नामस्मरणाचा लेख बाजूला ठेवून यावरच लिहितोय.

जावईबापूंची बाजू आधी नीट ऐकू. हा पिंजरा काढणाऱ्यांत रॉडनी फॉक्स या ऑस्ट्रेलियन माणसाचं नाव पहिलं घेतात. १९६३ मध्ये शार्कने त्यांना चावून अर्धमेलं केलं होतं. ते जगले, आणि पुढे आयुष्यभर शार्क वाचवा म्हणून बोलत राहिले. कल्लेपर, म्हणजे पंख, विकण्यासाठी शार्कची कत्तल होते. त्यापेक्षा जिवंत शार्क बघायला लोक पैसे देत असतील तर गावाचं पोट भरतं आणि शार्कही जगतो. हा मुद्दा खोटा नाही.

पण पिंजरा फक्त आतल्याला वाचवतो. न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटापाशी बुडी मारून समुद्री शंख काढणारे लोक आहेत. ते बिनपिंजऱ्याचे. त्यांचं म्हणणं, पर्यटकांच्या बोटींनी शार्कला सवय लावली, आता ते आमच्या बोटींमागे येतात. कज्जा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये निकाल पिंजरेवाल्यांच्या बाजूने लागला. मेक्सिकोने मात्र २०२३ मध्ये ग्वादालूप बेटाजवळचा हा सगळा धंदाच बंद केला.

हे लांबचं झालं. आपल्या गुजरातचं बघा. गीरमध्ये एके काळी वनखातंच पर्यटकांसाठी 'सिंहदर्शन' ठेवायचं. जनावर बांधायचं, सिंह यायचा, पाहुणे खूश. १९८० च्या दशकात ते बंद झालं. नंतर वसंत सबरवाल आणि त्यांच्या सोबत्यांनी अभ्यास केला. १९७८ ते १९९१ या काळात सिंहांनी माणसांवर १९३ हल्ले केले होते, त्यातले बहुतेक अभयारण्याच्या बाहेर. १९८७-८८ च्या दुष्काळानंतर ते फार वाढले. दुष्काळ हे मोठं कारण होतंच. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: जिथे जास्त त्रास झाला ती ठिकाणं, पूर्वी सिंहांना खायला घालत त्या जागांच्या जवळ होती. बघणारे कधीच घरी गेले होते. हल्ला झाला तो शेतात पाणी सोडायला गेलेल्यावर, गुरं राखणाऱ्यावर.

आता तर हा गुन्हाच आहे. २०१८ मधल्या अशाच एका बेकायदा खेळाबद्दल गीर गढडाच्या कोर्टाने २०२० मध्ये तीन-तीन वर्षांच्या शिक्षा दिल्या, त्यात बघायला गेलेले पर्यटकसुद्धा होते.

आणि आता आपलं स्वतःचं. हे लिहायला जड जातंय, पण गेल्या वर्षीच्या गिरनार यात्रेत जे झालं ते बसमधल्या सगळ्यांना माहीत आहे. पादुकांचं दर्शन घेऊन आपण खाली उतरलो, पाय भरून आले होते, आणि जेवणाच्या वेळी एक माणूस आला. "रात्री सिंह दाखवतो, एकदम जवळून." पोरं नाचायला लागली. आपल्यातल्या चौदा जणांनी ॲडव्हान्स दिला. एका काकांनी विचारलं, सिंह येईलच कशावरून? तो हसला. म्हणाला, "काका, बांधलेलं असतं ना."

काही जण तिथेच उठले. काही बसून राहिले, दिलेले पैसे जातील म्हणून. शेवटी कोणीच गेलं नाही, पण ते धर्म आठवला म्हणून नव्हे, गाडीच वेळेवर आली नाही म्हणून. हे आपण कोणी मोठ्याने बोललो नाही. परतीच्या बसमध्ये भजन रोजच्यापेक्षा जरा जोरात झालं, एवढंच.

दत्तप्रभूंचं दर्शन घेऊन आलो होतो ना आपण? भागवताच्या अकराव्या स्कंधात, नाथांनी ज्यावर टीका लिहिली त्यातच, अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मासा आहे. जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणून गुरू. इतकी वर्षं हे वाचताना आपण स्वतःला माशाच्या जागी ठेवलं. गळ धरणाऱ्याच्या जागी कधी ठेवून बघितलं नाही. आणि त्या रात्री तर आपण दोन्ही होतो. बांधलेलं जनावर सिंहासाठी, आणि सिंह आपल्यासाठी.

इथे एका दादांची शंका रास्त आहे: मग मुंगीला पीठ, गाईला पोळी, पक्ष्यांना दाणे हेही बंद करायचं का? आम्हाला वाटतं, एक गोष्ट स्वतःला विचारावी. खायला घालून झाल्यावर आपण निघून जाऊ शकतो का? मुंगीला पीठ घालून आपण वळून बघत नाही. बेट द्वारकेच्या बोटीत मात्र आपण कुरवांना गाठिया टाकले ते हातात मोबाइल धरून, आणि पक्षी पुढच्या बोटीकडे वळले तेव्हा चिडलोसुद्धा. त्याला आपण पुण्य म्हणत होतो.

उलट उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे. वेरावळ बाजूला पूर्वी व्हेल शार्कची, या सर्वांत मोठ्या माशाची, सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. २००४ पासून मोहीम निघाली, मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक समजा. ज्यांच्या आयाबापांनी तो मारला होता तेच लोक जाळ्यात अडकला तर जाळं कापून सोडू लागले. सरकार भरपाई देतं, पण कापल्या दिवसाची मासळी गेली ती गेलीच. त्यांनी त्याला बोलावलंही नव्हतं आणि थांबवलंही नाही.

कार्तिकातल्या यात्रेची यादी सुरू झाली आहे. मुलांना सिंह बघायचा आहे, बघू द्या. सासणची सफारी १६ ऑक्टोबर ते १५ जून उघडी असते, परमिट वनखात्याचंच काढायचं. सिंह दिसेल याची खात्री नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. बसपाशी येऊन कोणी खात्री देऊ लागला तर त्याला पैसे द्यायचे नाहीत, भावही विचारायचा नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ग्रुपवर न लिहिता गुरुवारी समोरासमोर बोलावं.

आणि त्या काकांचे, ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांच्या पाचही माणसांचे ॲडव्हान्सचे पैसे बुडाले. ते मागणार नाहीत. सेवापेटीतून नको, आपण उरलेल्या नऊ जणांनी ते भरायचे आहेत. रक्कम ताईंकडे द्यावी.